बंदरातली सगळ्यात स्वच्छ जॅकेटं

“माणसं काय झाडाला लागलीत होय, हात वर केला आणि तोडला एक? खलाशी गेला सोडून. रविवारी शाळेची पोरं यायचीत. दुसरा माणूस नसला तर बोट धक्क्यावरून हलवता येत नाही. आता तूच सांग, आणू कुठून?”

“कुठूनही आणा. आंधळा आणा, लंगडा आणा. तो नको.”

“अगं, पोरांना मासे धरायला न्यायचंय. आंधळे-लंगडे आणून सर्कस नाही दाखवायची.”

“सर्कस दाखवा नाहीतर तमाशा. पण तो त्या बोटीवर चढला ना, तर मी धक्क्यावर येऊन सगळ्या आयांना ओरडून सांगेन. बायांनो, यानं माझं पोर पाण्यात सोडलं, तुमची सांभाळा!”

तांडेलानं चहा बशीत ओतला, फुंकला, घोटभर प्यायला आणि बाकीचा तसाच ठेवून उठला.

तांडेल म्हणजे बोट चालवणारा. बंदरात तसे तांडेल पुष्कळ होते, पण नुसतं तांडेल म्हटलं की हाच. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. अंगानं आडवा, मान देताना कुणीतरी हात आखडता घेतल्यासारखा, आणि उभा जन्म इंजिनाशेजारी गेल्यामुळे डाव्या कानानं ठार बहिरा. कुणी भांडायला आलं की तो तोच कान पुढं करायचा. बायकोला हे पक्कं ठाऊक. ती कायम उजवीकडून बोलायची.

ऐन उमेदीत त्यानं जाळी टाकली. मग जवळच्या पाण्यात मासा विरळ होत गेला, लांब जायला मोठी बोट हवी, ती काही याला झेपणारी नव्हती. तेव्हा त्यानं जाळी उतरवली, बोटीला बाकं ठोकली, वर ताडपत्री ताणली, मागं कपाटाएवढा संडास बसवला आणि हौशी लोकांना गळ टाकायला खोल पाण्यात न्यायला लागला. “आधी मासे पकडायचो, आता मासे पकडणारे पकडतो,” म्हणायचा. लोक यायचे, उन्हानं लालबुंद व्हायचे, निम्मे ओकायचे, एखादा बोटभर मासा लागला की त्याला पोटच्या पोरासारखा छातीशी धरून फोटो काढायचे आणि जमिनीला पाय लागले की पुन्हा म्हणून तिकडे बघायचे नाहीत. पण नवे येत राहायचे. पोटापुरतं चालायचं.

या धंद्यात बायकोकडे होती ती जॅकेटं. बुडू नये म्हणून अंगात घालायची, नारंगी, जुन्या धर्तीची, छातीवर आणि मानेमागे जाड गाद्या शिवलेली. सगळी एकाच खेपेला घेतलेली. दिवसभरात त्यांना माशाचं रक्त लागायचं, आमिषाचा कुजका वास लागायचा, वरून ओकारी. एकदा एक गिऱ्हाईक बाई जॅकेट नाकाशी आलं तशी “ई!” करून मागं सरली आणि घालायलाच तयार होईना. तांडेलाची बायको तिथंच उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर जॅकेटं घरी यायला लागली. कढत सोड्याच्या पाण्यात भिजायची, परसातल्या दगडावर आपटली जायची, धोपाटण्यानं बडवली जायची, पिळवटली जायची आणि दोरीवर ओळीनं वाळायची. बाकीच्या बोटींवरची जॅकेटं लांबूनच आपली ओळख द्यायची. हिच्या जॅकेटांना साबणाचा वास यायचा. तपासणीला येणारा साहेब ती मोजता मोजता हात फिरवायचा आणि म्हणायचा, “वहिनी, माझे शर्टपण पाठवत जाऊ का इकडे?” ती वरवर रागवायची. आतून फुलायची.

आता तो नको म्हणजे कोण नको, ते सांगायला हवं. तो म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ.

तीन वर्षांमागं तांडेलाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. फेरी आधीच ठरलेली, म्हणून बोट घेऊन पोरगा गेला आणि बरोबर हा मामा. मामा सुकाणूवर, भाचा पुढं. दिवस बरा गेला. परतताना वारा फिरला. गिऱ्हाईकं ताडपत्रीखाली पोटं धरून आडवी झालेली. पुढच्या टोकाला नांगराचा दोर अडकला होता, तो सोडवायला पोरगा वाकला, आडवी लाट आली आणि त्याला घेऊन गेली. अंगात जॅकेट होतं, पायात गमबूट. मामानं बोट वळवली. पडला त्या जागी आला तर पाण्यावर काही नाही. माणूस नाही, नारंगी रंग नाही. दिसेनासं होईपर्यंत त्यानं घिरट्या घातल्या, घसा फुटेतो हाका मारल्या. पुढं आठवडाभर सगळ्या बोटी शोधत होत्या. पोरगा सापडला नाही तो नाहीच.

चौकशी झाली, कागद रंगले, प्रकरण मिटलं. बंदरानं मात्र आपला निकाल वेगळा लावला. “जॅकेट घातलेला माणूस बुडतो होय?” या एका प्रश्नावर सगळी कोर्टकचेरी उरकली. जॅकेट माणसाला वर धरतं. वर असता तर दिसला असता. दिसला नाही, म्हणजे हा वेळेत तिथं गेलाच नाही. डुलकी लागली असेल. घेतली असेल. भेदरून सुकाणूला चिकटून बसला असेल. तो बिचारा ज्याला त्याला धरून सांगायचा, “अरे, मी तिथल्या तिथं वळसा घातला!” लोकांनी त्याचं नावच वळसा ठेवलं. “आला बघ वळसा. सरक, लांबून जाऊ दे त्याला.” कुठल्याच बोटीवर त्याला कुणी घेईना. शेवटी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला लागला. आणि जिनं त्याला कडेवर घेऊन वाढवला, त्या बहिणीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. तो समोरून दिसला की ती आल्या पावली माघारी फिरायची.

तांडेलानं काय केलं? काही नाही. तो इस्पितळात होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं. मेव्हण्याला दोषी म्हणाला नाही आणि निर्दोषही म्हणाला नाही. घरात एक जण बोलत होतं, तेवढं पुरे, असं त्यानं धरलं.

तर त्या सकाळी चहा टाकून तो धक्क्यावर आला तेव्हा शाळेच्या खेळाच्या बाई येऊन थांबल्या होत्या. चौदा-पंधरा वर्षांची पोरं-पोरी आणायची होती. केस आखूड, आवाज शिट्टीसारखा. बोटीवर चढल्या आणि एकेक गोष्ट हातानं हलवून बघायला लागल्या. कठडा हलवला. बाक हलवलं. तांडेलाला वाटलं, आता मलाही हलवतात की काय.

“काका, नांगर टाकून थांबणार, की वाहत्या बोटीवरून?”

“नांगर टाकून. वाहत्या बोटीवर पोरांच्या दोऱ्या एकमेकांत गुंततात. मग मासा राहतो बाजूला, दिवसभर मी शिंप्यासारखा गुंते सोडवत बसतो.”

“ओकणाऱ्यांचं काय?”

“वाऱ्याकडं तोंड करून ओकायचं नाही. एवढा एकच कायदा. मोडला तर शिक्षा तिथल्या तिथं मिळते.”

बाई हसल्या. “आणि ह्या संडासाला कडी का नाही?”

“मुद्दाम काढली. बोट डुलली की पोरं आत अडकतात आणि रडतात. पडदा लावतो बाहेरून.”

“पडद्यावर माझ्या मुली दिवसभर पाणीसुद्धा पिणार नाहीत. कडी लावा, गरज पडली तर बाहेरून उघडता येईल अशी.”

हे तांडेलाच्या डोक्यात आलं नव्हतं. “लावतो,” म्हणाला. त्याला ही बाई पटली. मागं एका शाळेचे सर आले होते, त्यांनी फक्त जेवायला काय आहे एवढंच विचारलं होतं.

“आता ऐका,” बाई म्हणाल्या, “निम्म्यांना पोहता येत नाही. आणि हे वय असं, की कुणीतरी कुणाला तरी गंमत म्हणून ढकलणारच. ते धरूनच चाला. जॅकेटं दाखवा.”

तांडेलानं पेटी उघडली. साबणाचा वास आला. “हुंगून बघा, बाई. अख्ख्या बंदरात अशी मिळायची नाहीत.”

“हुंगून काय करू? पाण्यात बघते.”

आणि खरंच त्यांनी बूट काढले, फोन बाकावर ठेवला, एक जॅकेट चढवलं, सगळे पट्टे आवळले आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरून कपड्यांनिशी पाण्यात शिरल्या. दोन-चार बोटींवरचे लोक काम टाकून बघायला लागले. “तांडेल, मासा मोठा लागला रे!” कुणीतरी ओरडलं. तांडेलही हसला.

“आता मी हातपाय हलवत नाही, बघा,” बाई पाण्यातून म्हणाल्या.

पहिल्यांदा खांदे वर होते. मग पाणी गळ्याशी आलं. मग हनुवटीशी. बाईंनी मान मागं टाकली. पाणी ओठांवर आलं तेव्हा त्यांनी पाय झाडले आणि पायरी गाठली.

“काका, हे पाणी पितंय.”

“एखादं निघतं खराब. दुसरं देतो.”

दुसऱ्यानं तेच केलं. बाई पायरीवर बसून केस पिळायला लागल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर तांडेलाला उत्तर तरी देता आलं असतं.

तिसऱ्याला त्यानं जुन्या जाळ्याच्या शिशाच्या वजनांचा एक जुडगा बांधला. धड जॅकेट हसत पेलेल एवढाच. दोरी न लावता पाण्यात सोडलं. जरा वेळ ते तरंगलं, मग एका अंगावर कललं आणि निघालं खाली. नारंगी रंग आधी विटका झाला, मग मातकट, मग हिरवट, आणि मग तिथं नुसतं पाणी होतं. तांडेल बघत राहिला. मेव्हणा त्या दिवशी इस्पितळात खाटेशी उभा राहून जे बरळत होता ते त्याला आज ऐकू आलं. “भावजी, पाण्यावर काहीच नव्हतं हो. काहीच नव्हतं.”

त्यानं आमिष कापायची सुरी घेतली आणि एक जॅकेट उभं फाडलं. आत पातळ प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत सावरीचा कापूस. पिशवी धड आहे तोवर हा कापूस माणसाला तारतो. पण इथं प्रत्येक पिशवी चिरलेली होती, आणि कापसाचे काळे, बुरसट गोळे झाले होते. पेटीच्या तळाशी त्याच खेपेतलं एक जादा जॅकेट होतं. कधी वापरलं नव्हतं, म्हणून कधी धुतलंही नव्हतं. तांडेलानं त्याला शिसं बांधून सोडलं. ते बदकासारखं डुलत राहिलं, बुडायचं नाव घेईना.

मग त्याला परसातला आवाज आठवला. त्याच्या उजव्या कानानं तो वर्षानुवर्षं ऐकला होता. धप्प. धप्प. धप्प.

पोरगा गेल्याला तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षं माणसं ही जॅकेटं घालून दात काढून फोटोत उभी राहत होती. कुणी पडलं नाही, एवढंच.

“कशानं झालं असेल हो?” बाईंनी विचारलं.

“जुनी झाली,” तांडेल म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. “जॅकेटं मी आमच्या पोहण्याच्या तलावावरून आणते. दुसरा माणूस तेवढा तुम्ही पक्का करा. कठड्याला धरून हाका मारणारा नको. उडी टाकणारा पाहिजे.”

“आहे एक,” तांडेल म्हणाला. “येईल का ते सांगवत नाही.”

बर्फाच्या कारखान्यात मेव्हणा हाताला गोणपाट गुंडाळून लाद्या घसरपट्टीवर लोटत होता. भिंती घामेजलेल्या, पायाखाली चिकचिक. तांडेलाला दारात बघून त्याच्या हातातला आकडा थांबला.

“ताईला काही झालं?”

“नाही. जरा बाहेर ये.”

“इथंच बोला. लादी थांबत नाही माझ्यासाठी.”

तांडेलानं सांगितलं. बाई पाण्यात उतरल्या ते, शिशांचा जुडगा, फाटलेल्या पिशव्या. आपटण्या-बडवण्याशी आला तेव्हा त्याची जीभ अडखळली, पण मेव्हण्याला पुढं सांगावं लागलं नाही. त्याच धोपाटण्याखालचे कपडे घालून तो लहानाचा मोठा झाला होता.

“म्हणजे मी झोपलो नव्हतो,” तो म्हणाला.

“नाही रे.”

“प्यायलो नव्हतो.”

“नाही.”

“मग हे मला काय सांगायला आलात? मी होतो की तिथं! मला सोडून बाकी सगळ्यांना सांगा.”

“माझं चुकलं. मी तेव्हाच...”

“भावजी, तुमचं चुकलं ते घरी न्या. माझी बायको माहेरी जाऊन बसली ती याच्यापायी. पोराला शाळेत वळशाचा म्हणतात. त्याचं काय करू, तुमचं चुकलं घेऊन?” त्यानं लादीला आकडा मारला. बर्फाचे तुकडे उडाले.

मागून कुणीतरी गाडी लावा म्हणून ओरडलं. तांडेल म्हणाला, “रविवारी शाळेची पोरं न्यायचीत. येशील?”

“येईन. पण तिनं बोलवायचं. तिच्या तोंडानं.”

“तिला हे कळलं तर ती जगायची नाही.”

“मी जगलोच ना?”

तांडेल दाराकडं वळला.

“तुम्ही सांगा,” मेव्हणा म्हणाला. “नाहीतर मी दारात उभा राहून सांगतो, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. तिनं माझं नाव तसंच घेतलं होतं, आळीभर.”

“दोन दिवस दे मला.”

“आणि तीन वर्षं दिली ती?”

घरी जाताना तांडेलानं फाडलेलं जॅकेट गोणीत घातलं होतं. वाटेत ते कुठंतरी टाकून द्यायचं म्हणून घेतलं होतं, पण टाकायला जागा सापडली नाही. म्हणजे जागा पुष्कळ होत्या, हात होईना. चालता चालता त्यानं मनात सगळं जुळवलं. जॅकेटं मुळातच खराब निघाली म्हणायचं. बनवणाऱ्यानं फसवलं म्हणायचं. म्हणजे भाऊ सुटतो आणि बहीणही सुटते. तो कोण बनवणारा, त्याचं तोंड कुणी पाहिलंय?

ती परसात धुणं घेऊन बसली होती. न बघताच म्हणाली, “आलात? जॅकेटं आणलीत का? द्या, शाळेची पोरं आहेत, एक हात मारून ठेवते.”

“टाकायचीत ती. खराब झालीत.”

“खराब?” ती वळली. “कशी ठेवलीत मी, आणि खराब? कोण म्हणालं? ती खेळाची बाई? तिला म्हणावं, आधी स्वतःच्या शाळेचे संडास बघ.”

“तसं खराब नाही. तरंगत नाहीत.”

तिच्या हातातलं कापड तसंच राहिलं.

“बनवणाऱ्यानं फसवलं,” तांडेल घाईनं बोलायला लागला. “आतला कापूस पाणी पितो. घालून उतरलं की माणूस जरा वेळानं खालीच जातो. मी शिसं बांधून बघितलं. तुझ्या भावानं बोट वेळेवरच वळवली होती. तो आला तोवर पोरगा वर राहिलाच नसणार. त्याचा काही दोष नाही.”

“दाखवा.”

“काय दाखवू, फाडलंय ते...”

“गोणीत काय आहे? दाखवा म्हणते ना.”

तिनं स्वतःच ते बाहेर ओढलं. आत हात घातला. एक पिशवी काढली, उजेडाकडं धरली, दुसरी काढली. कपड्याची चीर बघून ते काट्यानं फाटलं की खिळ्यानं हे सांगणारी बाई ती. तिला बनवणाऱ्याची गोष्ट कुठं पुरणार? तिनं जॅकेट हातात घेतलं, रोज घालायची तशी घडी घातली आणि दगडावर ठेवलं. आपटलं नाही, नुसतं ठेवलं. गाद्यांमधल्या सगळ्या चिरा दगडाच्या धारेवर एकाखाली एक आल्या.

तांडेल म्हणाला, “जुनी होती गं ती. जुनं झालं की...”

“त्याचं मी आदल्याच दिवशी धुतलं होतं,” ती म्हणाली. “कॉलरला रक्त होतं माशाचं. निघेना. तो म्हणत होता, राहू दे गं आई, समुद्रात कोण बघतंय. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. अजून चार हात जास्त दिले.”

तांडेलाला वाटलं, आता ही ऊर बडवून घेईल, दगडावर डोकं आपटेल. तो पुढं झाला. पण तिनं तसलं काही केलं नाही. बादलीत दोन-तीन कपडे राहिले होते. ते तिनं पाण्यातून नुसते खळबळले, पिळले नाहीत, पाणी निथळत असतानाच दोरीवर टाकले. खाली पाण्याचं तळं झालं, त्यात ती उभी राहिली.

“रविवारी त्याला घेऊन जा,” म्हणाली.

“तो म्हणतो, तू बोलवायला पाहिजे. तुझ्या तोंडानं.”

“नाही.”

“अगं, आता काय राहिलं? राग कशाचा?”

“राग कुठाय? बोलू काय, ते सांगा. सुरुवात कुठनं करू?” ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या घरात आतलं दार कधी कुणी लावत नसे.

दुसऱ्या दिवशी ती उठली, चूल-पाणी केलं, जेवायला वाढलं, पण जेवली नाही. धोपाटणं परसात नव्हतं. त्याचं काय केलं हे तांडेलानं विचारलं नाही. कालपर्यंत ती ज्याला दूषणं द्यायची त्याचं नाव आता घरात निघेना. आधी निदान शिव्या देण्यापुरतं तरी ते निघत होतं.

तांडेल बोटीवर आला. पुढच्या टोकाला पोरांनी जाऊ नये म्हणून आडवा दोर बांधत होता, तेवढ्यात धक्क्यावर मेव्हणा येऊन उभा राहिला. तीन वर्षांत त्यानं या धक्क्यावर पाय ठेवला नव्हता. पलीकडच्या बोटीवरनं कुणीतरी खाकरलं. “आज काय, वळसा इकडं?”

मेव्हण्यानं तिकडं बघितलं नाही. “सांगितलंत?”

“सांगावं लागलं नाही. तिनंच शोधलं.”

“रडली?”

“नाही.”

मेव्हणा धक्क्याच्या कडेला बसला, पाय बोटीकडं सोडून. हाताला बर्फानं पडलेल्या चिरा होत्या, त्या चोळत राहिला. “मग मला बोलवायला यायची नाही ती,” म्हणाला.

“नाही.”

“मला वाटलं होतं, तिला कळलं की मी मोठ्यानं हसेन. रात्री तसं ठरवूनच झोपलो.” तो थांबला. “लहानपणी मला ताप आला की ती गोधडी धुवायची. रोज. म्हणायची, घाण धुतली की ताप जातो.”

तांडेलानं दोराची गाठ आवळली. “बंदरात मी सांगू का सगळ्यांना? आत्ता सांगतो. हा पलीकडचा खाकरणारा आहे, याच्यापासून सुरू करतो.”

“काय सांगणार? बहिणीनं जॅकेटं धोपटली म्हणून?”

“तू निर्दोष म्हणून.”

“ते सांगाल तर ते पुढचं विचारतील. मी विचारलं असतं.” मेव्हण्यानं नाक पुसलं. “आज नको. पोरांची फेरी होऊ दे. मग बघू.”

“मग म्हणजे कधी?”

“बघू म्हटलं ना, भावजी.”

पलीकडचा माणूस अजून बघत होता. मेव्हणा उठला, बोटीवर उतरला. बोट त्याच्या वजनानं जराशी कलली आणि सरळ झाली. बाकावर पोरांसाठी काढलेले गळ पसरले होते आणि शेजारी पक्कड. बोटात गळ घुसला तर सहज निघावा म्हणून प्रत्येकाच्या टोकाजवळचा उलटा काटा चेपून ठेवायचा होता. मेव्हण्यानं पक्कड उचलली, एक गळ घेतला, काटा चेपला, बोटावरून ओढून बघितला आणि बाजूला ठेवला. दुसरा घेतला.

तांडेलानं हाताचं ग्रीस पँटला पुसलं. इंजिनाचं तेल बदलायचं राहिलं होतं. त्यानं झाकण उघडलं, खाली उतरला, रिकामा डबा सरकवला आणि बोल्टला पाना लावला.